सुखदेव भाऊजींची लिफ्ट

आमचे सुखदेव भाऊजी माणसाकडे बघतात ते त्याचं वजन करायला. कसे आहात, बरं आहे का, असलं काही नाही. डोक्यापासून पायापर्यंत एक नजर, थोडा विचार, आणि मग निकाल. "दीड कट्टा."

कट्टा म्हणजे आमच्याकडे धान भरायचं चाळीस किलोचं पोतं. दिघोरीत हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण बाहेरच्या पाहुण्यांना काय माहीत? माझ्या नणंदेच्या मुलीला बघायला मुलाकडचे आले, तेव्हा भाऊजींनी मुलाच्या आईला दारातच सांगितलं, "या जी, बसा. पावणेदोन कट्टे." बाईंना वाटलं, सोयरीक जुळायच्या आधीच हे लोक धान द्यायला निघाले. खूश होऊन बसल्या बिचाऱ्या. लग्नही जमलं. धान काही गेले नाहीत.

मला तर त्यांनी मी नवरी होऊन आले तेव्हाच तोलून ठेवलं आहे. "वहिनी आल्या तवा एक कट्टा होत्या," असं अजून चारचौघांत सांगतात. आता किती आहेत ते सांगत नाहीत, नुसते हसतात. दीर आहेत म्हणून सोडून देते.

माझ्या नवऱ्याचे हे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. काहून नाही केलं, असं विचारलं की म्हणतात, "राहून गेलं जी." जसं काही बाजारातून जिरं आणायचं राहून गेलं. जेवायला आमच्याकडे, झोपायला ग्यारेजात. ग्यारेज रस्त्याला लागून आहे, खाली दुकान आणि वर टिनाखाली मोकळा माळा. जागा दोघा भावांची. मोटारसायकलीला हात लावला की ती बोलायला लागते, असा त्यांचा हात. पण त्यांच्या ग्यारेजात एक उलटा कारभार होता. दुरुस्तीला आलेली गाडी दोन दिवसांत परत जायची आणि नुसती ठेवायला आलेली गाडी जन्माची तिथंच राहायची.

त्याचं असं आहे की गावातली पोरं पुण्याला, हैदराबादला कामाला जातात. जाताना गाडीचं काय करायचं? घरी ठेवली तर कोंबड्या सीटवर बसतात आणि मेहुणे पेट्रोल संपवतात. मग पोरगं ग्यारेजात येतं. "काका, ठेवून घ्या ना. येतो दिवाळीले." काका ठेवून घेतात. दिवाळी येते, कधी पोरगं येतं, कधी येत नाही. गाडी तिथंच. आमच्या मुलाची, प्रशांतचीही त्यातच होती. तो हैदराबादला आहे, चारचाकी घेतली आता त्यानं. असं करता करता ग्यारेजात इतक्या गाड्या झाल्या की गिऱ्हाईकाची गाडी रस्त्यावर उभी करून दुरुस्त करायची पाळी आली. भाऊजी पान्हा आणायला आत जायचे ते पोट आत घेऊन, खेकड्यासारखे तिरपे.

त्यात मागच्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी ग्यारेजात शिरलं. भाऊजी गुडघाभर पाण्यात उभे राहून एकेका गाडीच्या टाकीवर हात ठेवून सांगत होते, "काही नाही होत, काही नाही होत." मी म्हटलं, भाऊजी, म्हशी आहेत का त्या?

पाणी ओसरलं आणि ह्यांनी तोंड उघडलं. आमचे हे तसे कमी बोलतात, पण यांचा नवा ट्रॅक्टर बाहेर पावसात भिजत होता आणि आत लोकांच्या गाड्या सुखात होत्या. "सुखदेव, मंडईपर्यंत खालची जागा मोकळी कर. गाड्या वर चढव, नाही तर मंडईच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याले बोलावतो. मंग मले बोलू नको."

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री नाटक असतं, लेकी-जावई येतात, बाहेरगावची पोरं येतात. म्हणजे भाऊजींना मुदत चांगली मिळाली होती. पण वर जायला होती एक लाकडी शिडी, आणि तीसुद्धा मांजर चढलं तरी करकरायची. मला तर ह्यांचंच म्हणणं पटलं होतं. ज्यांच्या गाड्या त्यांना नाही पडली, तर आपल्याला काय करायच्या?

भाऊजींनी आधी फळ्या टाकून उतार केला. त्यावरून एक गाडी अर्धी चढली आणि दोन माणसांना सोबत घेऊन खाली आली. भाऊजी धूळ झटकत उठले आणि म्हणाले, "आता लिफ्ट."

"कशाची लिफ्ट?" मी विचारलं.

"वजनाले वजन, वहिनी. सायन्स हाये थे."

हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. भाजी खारट झाली तरी सायन्स हाये थे, कुत्रं भुंकलं तरी सायन्स हाये थे.

लिफ्टला पाट लागतो म्हणून माझ्या आंदणातला लोखंडी पलंग गेला. विचारलंही नाही. दुपारी मी पाठ टेकायला गेले तर खोलीत गादी जमिनीवर. कप्प्या गेल्या विहिरीवरच्या. मोडक्या मळणीयंत्राचं एक दातेरी चाक आणून पलंगावरच बसवलं, म्हणजे गाडीसोबत आपण उभं राहायचं आणि चाक फिरवत वर जायचं. प्रत्येक दात्याला खटका, म्हणजे हात सुटला तरी पलंग सुटत नाही. मोटर लावा म्हटलं तर म्हणाले, "करंटचा भरवसा नाही जी. गाडी अर्ध्यात लटकन."

आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन म्हणून लटकले माझे धान. नुकतेच मळून आलेले, हलक्या जातीचे, म्हणजे लवकर निघणारे. गाडीचे तीन कट्टे, पलंगाचा एक, भाऊजींचा स्वतःचा दीड, मिळून साडेपाच कट्टे धान त्यांनी टिनाबाहेर उन्हात टांगले.

"गोटे बांधा ना, भाऊजी. घरचे धान काहून फासावर चढवता?"

"गोट्याचं वजन कोण सांगते, वहिनी? कट्टा काट्यावर मोजलेला हाये. कट्ट्यासारखं पक्कं माप जगात नाही."

दिवाळीच्या पाडव्याला चाचणी झाली. भाऊजी एक गाडी घेऊन पलंगावर चढले, चाक फिरवायला लागले आणि खरंच, देवीच्या पालखीसारखे हळूहळू वर गेले. खाली कसं यायचं ते आणखी वेगळं सायन्स होतं. ते त्यांनी मला तीनदा समजावलं आणि मला तीनदा समजलं नाही. ह्यांनी नुसता तंबाखू चोळला. आम्ही म्हटलं, आता चढवा बाकीच्या. पण नाही. भाऊजींना उद्घाटन पाहिजे होतं. मंडईच्या दिवशी, पाहुण्यांसमोर. तोवर ती गाडी खाली, पलंग खाली आणि धान वर, उन्हात.

मंडईच्या दिवशी दुपारी ग्यारेजासमोर ही गर्दी. गुलाबजामवाल्याचं दुकान रिकामं पडलं, तो स्वतःच झारा घेऊन बघायला आला. भाऊजींनी धुतलेला शर्ट घातला होता. गाडी होती पवनची. पवन आमच्या गल्लीतला, पुण्याला कंपनीत आहे, तो मंडईसाठी आलाच होता, समोरच उभा होता. भाऊजींनी चाकाला हळद-कुंकू लावलं आणि फिरवायला सुरुवात केली.

पलंग उचलला. पण आज भाऊजींच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. पुरुषभर वर गेले आणि चाक थांबलं. वर जाईना. खाली यावं तर खटका निघेना, कारण खटका काढायला चाक थोडं वर फिरवावं लागतं, आणि तेच तर फिरत नव्हतं.

भाऊजी हवेत. सोबत पवनची गाडी. खाली सगळं गाव.

"काय झालं गा?" कोणीतरी ओरडलं.

"काही नाही. दम घेऊन राहिलो," भाऊजी म्हणाले आणि उभं राहवेना म्हणून गाडीवर बसले. हवेत, गाडीवर, दोन्ही हात हँडलला.

"हॉर्न वाजव, सुखदेव. साइड देतो."

"लगन नाही केलं, पण पाळण्यात बसून घेतलं."

आमचे हे पुढं आले. "उतर आता."

"कसा उतरू, दादा?"

तेवढ्यात म्हातारे गोमाजी, आमच्या शेजारचे शेतकरी, लटकलेल्या पोत्यांखाली जाऊन उभे राहिले. एका पोत्यात बोट खुपसून दोन दाणे काढले, दाताखाली धरले. कट्ट असा आवाज आला.

"सुखदेव, हे धान कवाचे?"

"दिवाळीचे, काका."

"ओले भरले होते?"

"ओलेच होते."

"मंग सुकले नसतीन का बापा?"

 मग जे हसू फुटलं, ते नाटकातल्या विदूषकाला कधी मिळालं नसेल. जन्मापासून धानात वाढलेला माणूस, दर सालच्या हंगामात व्यापाऱ्यांकडून ओले धान नको, सुकवून आणा, असं ऐकत आलेला, आणि धान सुकून हलके होतात हेच विसरला. वर भाऊजींनी डोळे मिटले. मला दिसत होतं, त्यांना हसण्याचं काही नव्हतं. ते उद्या येणारा भंगारवाल्याचा ट्रक बघत होते.

मग पवननं चपला काढल्या, उडी मारली आणि धानाच्या पोत्याला लटकला. चाकाचा दाता एक घर पुढं सरकला. भाऊजींनी डोळे उघडले.

"पवन, तू पुण्याले जाऊन अर्धा कट्टा वाढला रे," वरून आवाज आला.

"काका, चाक फिरवा. माझं वजन मंग करजा."

मग आणखी एक पोरगा लटकला, त्याचीही गाडी ग्यारेजातच होती. आता तर पलंग असा झपकन वर गेला की भाऊजींचं डोकं टिनाला लागलं. पण गाडी माळ्यावर उतरली. खाली टाळ्या पडल्या. हे म्हणाले, "चढली म्हणायची," आणि तंबाखू थुंकायला वळले. बाकीच्या गाड्या पोरांनी संध्याकाळपर्यंत आलटून पालटून लटकत चढवून दिल्या. ट्रॅक्टर आत आला. मामला मिटला, असं मला वाटलं.

पवन पाणी प्यायला माझ्या स्वयंपाकघरात आला. म्हणाला, "काकू, तुमीच सांगा काकाले. मी दोन साल झाले सांगून राहिलो, इकून टाका थे गाडी. पुण्यात नवी घेतली मी. तं म्हणते, गिऱ्हाईक भेटत नाही."

 पण त्याच आठवड्यात लाखांदूरचा एक माणूस तीच गाडी मागायला आला होता, आणि इंजिन गेलं म्हणून भाऊजींनी त्याला माझ्यासमोर परत पाठवलं होतं.

मी ग्यारेजात गेले. भाऊजी धानाचे कट्टे उतरवत होते, टेंगळाला हळद लावलेली.

"भाऊजी, पवननं गाडी इकाले सांगितली होती?"

ते दोरच सोडवत राहिले. "सांगितली होती."

"अजून कोणी सांगितली?"

"सगळ्याईनंच."

"मंग लोकाइशी खोटं काहून बोलता?"

बराच वेळ गाठ सुटली नाही. मग म्हणाले, "इकली तर फोन बंद होईन, वहिनी."

"कोणाचा?"

"पोराइचा. गाडी इकली का काका, म्हणून पुसाले करते. मी म्हणतो, नाही बा, गिऱ्हाईक नाही. मंग थोडं बोलते. जेवले का, म्हणते. पानी आलं का, म्हणते. इकल्यावर कायले करन कोणी?"

"आमचा प्रशांतही करते?"

"थो तं दर रविवारी करते."

मला तो महिन्यातून एकदा करतो. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी वजन केलं नाही. घाईघाईनं म्हणाले, "तुमचंच पुसते जी. आईचे गुडघे कसे हायेत म्हणते. मी सांगतो, बरे हायेत."

संध्याकाळी पंगत बसली. पाहुणे, हे, भाऊजी, सगळे एका ओळीत. मी भात वाढत होते. ह्यांनी सहज विचारलं, "थो पवन काय सांगत होता तुले? गाडीचं काही म्हणत होता वाटते."

भाऊजींचा घास हातातच राहिला.

"हो," मी म्हटलं. "गाडी जपून ठेवा म्हणे. कोणाले इकू नका."

ह्यांनी मान डोलावली आणि वरण मागितलं. भाऊजींनी वर बघितलं नाही. थोड्या वेळानं ताट पुढं सरकवून म्हणाले, "वहिनी, मलेही थोडा भात."