गोजरबाईच्या गाई आणि तरंगती रेल्वे

गाईला तार खाण्याची सवय असते. कडब्यातली, कुंपणाची, मिळेल ती. म्हणून संगमनेरकडचे गुरांचे डॉक्टर गाईच्या पोटात बोटाएवढं लोहचुंबक सोडतात. गिळलेली तार त्याला चिकटून बसते आणि गाय वाचते. गोजरबाईच्या सगळ्या गाईंच्या पोटात असं एकेक लोहचुंबक होतं. त्याचं कुणाला काही विशेष वाटत नव्हतं, गाईंना तर नाहीच.

विशेष वाटलं ते शासनाला. चुंबकाच्या बळावर रुळाला न टेकता, तरंगत धावणारी अतिजलद रेल्वे आखायचं काम चालू होतं आणि तिचा मार्ग गावाबाहेरच्या मुरमाड माळावरून सरळ जात होता. मोजणीचे साहेब उन्हाला कंटाळून गोजरबाईच्या गोठ्यात सावलीला बसले. यंत्र त्यांनी गव्हाणीवर ठेवलं, तर त्याचा काटा पिसाळल्यागत फिरू लागला.

"आजी, तुमच्या जमिनीत प्रचंड नैसर्गिक चुंबकत्व आहे!"

"आजी आसंल तुजी. जमिनीत काय बी न्हाई. गाईंच्या पोटात लोहचुंबक हाय, डॉक्टरनं घातल्यालं."

साहेबांनी अहवालाचा नमुना वरपासून खालपर्यंत पाहिला. "यात गाय हा रकानाच नाही," ते म्हणाले.

थोड्याच दिवसांत सुधारित आखणी आली. जमीनच चुंबकत्व पुरवत असेल तर शासनाने ते विकत का घ्यावं, असा काटकसरीचा विचार करून मार्ग माळावरून उचलून थेट गोठ्यावर आणला होता. गोठा पाडायचा होता. नवरा गेल्यावर एका गाईवर गोजरबाईनं उभा केलेला गोठा! सुनेला तिथं शेण काढायची मुभा होती. धार काढायचा मान अजून मिळालेला नव्हता.

"सविते, गाई सोड," ती सुनेला म्हणाली. "गाई गेल्या की रेल्वे बी जाईल."

गाई पुतण्याच्या, बिभीषणच्या डाळिंबात बांधल्या. फेरमोजणीत गोठ्यातला काटा मेल्यासारखा पडून राहिला. त्यावरून साहेब चुकले होते असं मात्र निघालं नाही. 'भूगर्भीय चुंबकत्वाचे स्थलांतर झाले आहे' असं निघालं, आणि ते शोधत यंत्र डाळिंबात पोचलं. मार्गही पोचला.

बिभीषण धावत आला. "काकू, न्या तुमच्या गाई! बाग जाईल की माजी!"

"व्हय? काल तर म्हनत हुतास, बांदा काकू, शेनखत तरी मिळंल."

गाई प्रवरेच्या काठाला गेल्या; मार्गही काठाला गेला. त्यांतली कपिली गाय माजावर आली म्हणून तिला वळूकडे नेलं, तर मार्गाला फाटा फुटला. वरच्या तज्ज्ञांनी या वळणांचं 'भूप्रदेशाशी संवेदनशील आखणी' म्हणून कौतुक केलं. एवढ्या वेगात ती वळणं घेताना आतल्या माणसांचं काय होईल, हा विषय दुसऱ्या विभागाचा होता.

मग गोजरबाईच्या ओट्यावर रीघ लागली. कुणाला भावकीच्या उसात गाई बांधून हव्या होत्या, कुणाला व्याह्याच्या अंगणात. ग्रामसभेत तिला पुढची खुर्ची मिळाली. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि कुणालाच हो म्हणायची नाही. पण गाई कधीतरी घरी आणाव्या लागणार, आणि आणल्या की गोठा गेला, हे तिला कळत होतं.

अशात बिभीषण पुन्हा आला. आता तो डाळिंब सोडून प्लॉटच्या धंद्यात शिरला होता. "काकू, शिर्डीच्या अंगाला पडीक रान घेतलंय. जितं काटा जास्त फिरंल, तितं स्थानक व्हनार. अंतिम मोजणीच्या दिवशी गाई तेवढ्या तितं बसवा. शिक्का पडला की मार्ग हालत न्हाई. तुमचा गोठा सुटला."

"आरं, तितं पानी न्हाई, सावली न्हाई. जनावर बसनार न्हाई, मानूस काय ऱ्हानार?"

"ऱ्हायचंय कुनाला, काकू? घ्यायचंय."

गोजरबाईनं गाई टेम्पोत चढवल्या. सरकी पेंडीच्या पाट्या समोर मांडल्या, तेव्हा कुठं गाई त्या फुफाट्यात टेकल्या. काटा फिरला, शिक्का पडला, नकाशावर 'प्रस्तावित स्थानक' उमटलं. दिवस मावळायच्या आत गाई घरी, गोठ्यात.

"आत्याबाई, लोकं फसत्याल की वो तितं," सविता म्हणाली.

"मी गाईला दावं लावलं, लोकांला न्हाई. शिकल्याली मान्सं हायेत, नकाशा वाचून येत्यात. गाईचं मी पैल्याच दिशी सांगितलं हुतं. आता मला कुनी इचारलं का?"

कुणीच विचारलं नाही. पुण्या-नाशकाच्या मंडळींनी ते रान हातोहात उचललं. तुम्हीही परवा सांगत होता, स्थानक पाच मिनिटांवर, आणि आपला प्लॉट अगदी कोपऱ्याचा, मोक्याचा. बरोबर आहे. त्या कोपऱ्यावर कपिली बसली होती. पेंड संपल्यावर सगळ्यात आधी उठून टेम्पोकडे पळाली, ती तीच.