आप्पांचं पत्र्याचं नाक

कुणाच्या घरी चहाला गेलं की माणसं आधी चप्पल काढतात. आमच्या अनगोळातले, शेजारचे नंदगडकर आप्पा आधी पेटी काढतात. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून केलेली, वायरी लोंबणारी. ती थेट यजमानांच्या शेगडीसमोर धरायची, आणि ती गप्प राहिली तरच खुर्चीवर टेकायचं, असा त्यांचा शिरस्ता.

पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेल्या या मास्तरांना वास म्हणून येत नाही. कुठल्याशा तापात नाक कायमचं कामातून गेलं. "नाक लबाड असतंय रं, किरण खरा," हे त्यांचं पालुपद. पेटीत एका टोकाकडून इन्फ्रारेड किरण निघतो, डोळ्यांना न दिसणारा. "परत्येक वायू आपल्या वाटणीचा किरण गिळतोय. पलीकडं कमी पोचला की समजायचं, मधी कोणतरी हाय. दिसत न्हाय, पण हाय." मग पेटी कोकलते.

एका लग्नात त्यांनी ती आचाऱ्याच्या भट्टीपाशी नेली. ती अशी कोकलली की वऱ्हाड मांडव सोडून रस्त्यावर, आणि आचारी झारा घेऊन आप्पांच्या मागं. सिलिंडरवाला तर हल्ली गल्लीच्या तोंडापासूनच "लीक इल्ला सर, लीक न्हाय!" असा पुकारा करत येतो.

आप्पांच्या पत्नी मालतीआक्का होत्या तोवर घराचं नाक त्याच होत्या. "बघ गं, वास येतोय काय?" आप्पा विचारायचे. "न्हाय येत. या आता चहाला," आक्का म्हणायच्या. त्या गेल्या, आणि थोड्याच दिवसांत आप्पा गळक्या शेगडीपाशी काड्यापेटी घेऊन उभे राहिले. माझी बायको खिडकीतून किंचाळली म्हणून आम्ही सगळे वाचलो. त्यानंतर त्यांनी पेटी करायला घेतली.

पण हल्ली ती रोज दुपारी, चहाच्या आधी, आप्पांच्याच घरात कोकलू लागली. गल्लीची झोपमोड होऊ लागली. पेटी बंद करायला सांगा म्हणून सगळ्यांनी मला पुढं केलं. मीही तावातावानं गेलो.

दार ढकललं तर खिडक्या बंद आणि आत धूरच धूर. आप्पा तव्यावर तंबाखू भाजत होते, पार काळी होईस्तोवर. मिश्री! मालतीआक्का निपाणीच्या, दातांना मिश्री लावल्याशिवाय त्यांचा दिवस उगवत नसे. त्या भाजायला बसल्या की सगळ्या गल्लीला ठसका लागायचा, आणि सगळ्यांत मोठ्यानं आप्पाच ओरडायचे.

"आप्पा, तुमी मिश्री लावताय व्हय?"

"छ्या! मी कशाला लावू?"

"मग कुणासाठी भाजताय?"

त्यांनी कोकलणाऱ्या पेटीकडं बोट दाखवलं. "मला तिच्या मिश्रीचा वास येत न्हाय रं. हिला येतोय."

बंद करा म्हणायला आलेला मी, तिथंच तव्याजवळ टेकलो.

आप्पांनी तवा हलवला. "कसा आलाय सांग की वास?"

मला ठसका लागला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. तेवढ्यात मी उघडं टाकलेल्या दारातून धूर आमच्या घरात पोचला, आणि भिंतीपलीकडून माझी बायको खोकत ओरडली, "मेलं ते भाजणं! बंद करा की!" पूर्वी मालतीआक्कांवर ओरडायची, अगदी तेच शब्द.

आप्पांनी कान देऊन ऐकलं. चेहरा उजळला.

"मग बराबर भाजलीया," ते म्हणाले.