देवरे सर आणि मातृभाषेचा रकाना

विद्यार्थ्यांची माहिती भरताना 'मातृभाषा' हा रकाना आला की आम्ही शिक्षक फारसा विचार करत नाही. वरपासून खालपर्यंत 'मराठी' लिहून मोकळे होतो. देवरे सरांचं तसं नाही. ते एकेका पोराला व्हरांड्यात बोलावतात, समोर बसवतात आणि अगदी गंभीरपणे विचारतात, "आई चिडली की कोणत्या भाषेत बोलते?"

एकदा एक मुलगी म्हणाली, "सर, माझी आई चिडून बोलत नाय. मारते."

"मग मारताना काय म्हणते?"

पोरीने ते म्हणून दाखवलं. सर क्षणभर डोळे मिटून ऐकत राहिले आणि मग रकान्यात 'वारली' असं लिहिलं.

आमची शाळा दिंडोरीच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधोमध. सहावीच्या वर्गात बागाईतदारांची मुलं आहेत, पेठ-सुरगाण्याकडून बागांत कामाला आलेल्या मजुरांची आहेत, आणि वायनरीत लोडिंग करणाऱ्या बिहारी कामगारांचीही. एकतीस मुलं. सरांच्या हिशेबाने सात भाषा. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, यावर कपाळाला हात लावतात. "अहो देवरे, साध्या माहितीला आठ दिवस? सगळ्या शाळांची माहिती गेली, आपलीच राहिली."

"त्यांनी पक्कं विचारलं का?" सर म्हणतात.

हे 'पक्कं विचारलं का' सगळ्यांनाच ऐकावं लागतं. मी एकदा म्हटलं, आज पोषण आहारात मटकी आहे. तर, "पक्कं विचारलं का?" विचारलं नव्हतं. त्या दिवशी वाटाणा निघाला.

गेल्या वर्षी वाचनाची चाचणी झाली आणि आमची सहावी आसपासच्या सगळ्या शाळांत शेवटची आली. शिक्षण खात्याचे साहेब आढाव्याला येणार म्हणून मोठ्या बाईंनी आधीच बैठक घेतली. निकालाचा कागद पुढे सरकवून त्या म्हणाल्या, "या तीन-चार पोरांनी पार खाली खेचलंय. त्या दिवशी गैरहजर दाखवली असती, तर वर्ग मधोमध आला असता."

"हजर होती की ती, बाई."

"होती हो. पण हजर राहून दिवे काय लावले?"

सरांनी त्या मुलांचे पेपर उचलले आणि मला म्हणाले, "मॅडम, जरा चला माझ्याबरोबर."

पेपरात पहिलाच प्रश्न होता, 'खालील उतारा वाचा आणि उत्तरे लिहा.' बागाईतदाराच्या मुलाने पाचही उत्तरांच्या जागी एकच वाक्य लिहिलं होतं, 'उतारा तलाठ्याकडे मिळतो.' बिहारच्या पोराने तो सगळा मजकूर सुंदर अक्षरात खाली जसाच्या तसा उतरवून काढला होता. आणि डोंगराकडच्या हिराचा पेपर कोराच होता.

मला हसू आवरेना. सर हसले नाहीत. त्यांनी हिराला बोलावलं. "काहीच का नाही लिहिलं गं?"

हिरा खाली मान घालून उभी राहिली. तशीच पुटपुटली, "आजी सांगते, उताऱ्याला हात नाय लावायचा. लागीर होतं."

तिच्या ओळखीचा उतारा म्हणजे तीन वाटांच्या तिकाटण्यावर ओवाळून ठेवलेला लिंबू-भात. तो कागदावर आला म्हटल्यावर पोर पेन्सिल खाली ठेवून तासभर हात मांडीखाली घालून बसली होती.

सर तिच्याशेजारी जमिनीवर बसले. तरुणपणी ते सहा वर्षं सुरगाण्याला होते, तिकडची कोकणा बोली त्यांना येते. पेपरातल्या उताऱ्यातली, विहिरीत पडलेल्या शेळीची गोष्ट त्यांनी तिला तिच्या बोलीत वाचून दाखवली. मग प्रश्न विचारले. हिराने पाचच्या पाच उत्तरं बरोबर सांगितली. वर, शेळी अशी नुसत्या दोराने काढली असती तर तिचा गळा आवळला असता, दोराला टोपली बांधून सोडायला हवी होती, अशी पेपर काढणाऱ्याची एक चूकही काढली.

सरांनी हे सगळं साहेबांना सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं खरं आहे देवरे. पण मार्क बदलता येत नाहीत."

मार्क बदलले नाहीत. वर्ग शेवटचाच राहिला आणि सरांच्या नावापुढे शेरा बसला. पुढच्या चाचणीआधी मात्र सरांनी महिनाभर रोज एकच उद्योग केला. पेपरातल्या सूचनांचा एकेक शब्द फळ्यावर लिहायचा आणि विचारायचं, "याचा अर्थ तुमच्या घरी काय होतो?" पहिले काही दिवस वर्गात नुसता गोंधळ. त्या खेपेला आमची सहावी खालून चौथी आली. सरांनी शाळाभर पेढे वाटले. मोठ्या बाई म्हणाल्या, "खालून चौथ्याचे पेढे मी आयुष्यात पहिल्यांदाच खातेय." पण दोन खाल्ले.

सरांचं हे वेड मला आवडायचं, पण ते कुठून आलं याचा मी कधी विचार केला नव्हता. आम्ही दोघंही नाशिकला इंदिरानगरात राहतो, येता-जाता भेटतो. त्यांची बायको पुण्याची, स्वच्छ बोलणारी. मुलगा बंगळुरूला. नातवंडं फोनवर इंग्रजीत बोलतात आणि सर 'यस, यस' म्हणतात. सर मूळचे सटाण्याकडचे. त्यांची अहिराणी बोलणारी आई शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होती. ती जाऊन तीन वर्षं झाली.

परवाच्या रविवारी नणंदेला गाडीत बसवायला मी बसस्टँडवर गेले होते. सटाण्याच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर देवरे सर बसलेले दिसले. हातात पिशवी नव्हती. इस्त्रीचा शर्ट, पायांत साध्या चपला. शेजारी एक म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती. मी हाक मारणार, एवढ्यात ते कुठे निघालेत म्हणून तिने त्यांना अहिराणीत विचारलं, "कथा जाई ऱ्हायना, भाऊ?"

"कथाच नही, माय," सर म्हणाले.

आम्ही आठ वर्षं एका शाळेत आहोत. सरांचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मोकळा, थोडा चढा, गावच्या पारावरचा. म्हातारी तिच्या सुनेचं गाऱ्हाणं सांगू लागली. सर मधेच काही बोलले आणि दोघं खळखळून हसली. मला अर्धंच कळलं.

गाडी लागली. सरांनी गाठोडं वर चढवलं, तिला खिडकीजवळ जागा धरून दिली आणि खाली उभं राहून गाडी सुटेपर्यंत खिडकीतून बोलत राहिले.

मी हाक मारली नाही. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर सर परत येऊन त्याच बाकावर बसले. सटाण्याची पुढची गाडी पाऊण तासाने होती.