ओटीतला हात

“हात! ओटीत हात! अगं बाई, ह्याला बोटं हायती!”

हिमायतनगरच्या विहीणबाई अशा ओरडल्या की दारातली म्हैस दावं तोडून थेट आंध्राच्या हद्दीत जाऊन थांबली.

गौरीचं सासरी डोहाळजेवण होतं. ती आमचे लातूरचे शेजारी शिवअप्पा यांची एकुलती एक लेक. पाचवीत असतानाच तिची आई गेली, म्हणून माहेरची ओटी भरायला माझी बायको. अप्पांनी दिलेलं फडक्याचं गाठोडं तिनं नारळ समजून ओटीत ठेवलं. विहीणबाईंनी गाठ सोडली, तर आत भुताच्या सिनेमातला रबरी हात. मनगटापासून तुटलेला, वर लाल रंग ओघळलेला.

डाळमिलवाल्या शिवअप्पांना ओळखत नाही असा माणूस आमच्या जिल्ह्यात नव्हता. जिल्हा नुकताच झाला होता ही गोष्ट वेगळी. टॉकीजला भुताचा सिनेमा लागला की अप्पा पहिल्या खेळाला हजर. कपाळाला भस्म, खिशात फुटाणे, बरोबर लहानगी गौरी. सिनेमा उतरला की बाहेर जाहिरातीला टांगलेले मुखवटे, सुळे, पोस्टरं मॅनेजरकडून उचलून आणायचे. स्वतःसाठी नव्हे, शौकिनांना भेट द्यायला. लग्न असो की वास्तुशांत, अप्पांचा आहेर भुताचाच.

“माल न्हाई बघायचा, किंकाळी बघायची,” ते छाती ठोकून सांगत. टॉकीजात ते पडद्याकडं पाठ करून बसत आणि कोण कशाला ओरडतं ते हेरून ठेवत. वटवाघूळ दिसताच टोपी टाकून पळालेल्या वकिलांना वास्तुशांतीला कापडी वटवाघूळ मिळालं. त्यांनी ते कचेरीत टांगलं. तेव्हापासून त्यांच्यासमोर एकही अशील खोटं बोलला नाही. गल्लीतले रहीमचाचा सुळे बघून किंचाळले, त्यांना ईदला सुळे.

“अप्पा, मेरे तो असली दात भी नै रहे!” चाचा म्हणाले. मग तेच सुळे लावून त्यांनी भर चौकात ऊस सोलून दाखवला.

असा न चुकणारा माणूस. आणि आज चुकला.

“बाळंतपणाला पोर धाडायची न्हाई!” विहीणबाई कडाडल्या. “जिल्हा झाला म्हनून मिरवून राहिले, नळाला पानी हाय का तुमच्या? दुष्काळात बाळंतीण न्हाऊ घालायची कशानं? आन् वरून हे असलं!”

लेकीला न्यायला आलेले अप्पा टोपी हातात घेऊन उभे. 

गौरी पाटावरून उठली. तिनं तो हात उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि पदराखाली धरला.

“आत्याबाई,” ती सासूला म्हणाली, “पाण्याचं अप्पा बघतील. मी जाते.”

“जा माय, जा! पन त्यो हात आधी घराभायेर काढ!”

परतीच्या एसटीत गौरी माझ्या बायकोच्या खांद्यावर झोपली. रबरी हात मांडीवर, त्याच्या बोटांत तिची बोटं. टॉकीजबाहेर टांगलेला असताना त्या हाताला वीत-वीत नखं होती, मी डोळ्यांनी पाहिली होती. आता एकही नव्हतं. कुणीतरी ती कापून बोटांची टोकं कानशीनं घासून गुळगुळीत केली होती.

“अप्पा,” मी विचारलं, “गौरी कशाला ओरडायची हो सिनेमात?”

अप्पांनी फुटाण्याचं टरफल खिडकीबाहेर टाकलं.

“ओरडायची न्हाई,” ते म्हणाले. “माझा हात धरायची.”