फोरमनसाहेबांची बरोबरची खूण

"यंत्राच्या बाबतीत मला आजवर कोणी फसवलेलं नाही," चपलेत पाय घालत फोरमनसाहेब म्हणाले. "नुसता कान लावला की मला कळतं."

"बाबा, ह्याला कान लावण्यासारखं काही नाही," सूनबाई म्हणाली. "एक प्रिंटर आणि एक कटर. दोन्ही मिळून आपल्या शिवणयंत्राएवढी."

"एवढंसं का असेना, यंत्र ते यंत्र."

फोरमनसाहेबांची चौतीस वर्षं छापखान्यात गेली. छापखाना बंद झाला, त्यालाही तीन वर्षं उलटली होती. नोकरी गेली तरी हुद्दा मात्र गेला नव्हता. बायकोसुद्धा त्यांना फोरमनसाहेबच म्हणायची, फक्त जरा निराळ्या सुरात. काळ्या जाड पेनानं बरोबरची खूण केल्याशिवाय एकही नमुना त्यांच्या हातून सुटला नव्हता. डाव्या कोपऱ्यात, काठापासून बोटभर आत. ही खोड घरीही राहिली. विजेचं बिल, किराणाची यादी, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळ्यावर खूण. त्यांच्या स्वतःच्या लग्नपत्रिकेवरसुद्धा आहे. "मला काय ते तेव्हाच एकदा पास केलं," बायको सांगायची. भिंतीवरचे ओलीचे डाग जसे रोजच्या माणसाला दिसेनासे होतात, तशा त्या खुणा आता घरात कोणाला दिसतच नव्हत्या.

यंत्रं विकणारा माणूस स्टिकरचं दुकान बंद करून दुसऱ्या धंद्यात चालला होता. फोरमनसाहेबांनी कटरला कान लावला, मग नाक लावलं.

"तेल कुठून घालता?"

"काका, ह्याला तेल लागत नाही."

"म्हणूनच विकायची वेळ आली."

दुकानदार समजावून सांगत होता, "ह्याला आत एक डोळा आहे. छापलेल्या कागदाच्या कोपऱ्यांत काळ्या खुणा असतात. त्या तो बघतो आणि तिथून मोजून कापतो." फोरमनसाहेब तेव्हा पात्याची धार नखावर घासून बघण्यात दंग होते. सूनबाईनं सगळं वहीत लिहून घेतलं. समोर बारा फुलपाखरं छापली, कापली. एकाचीही मिशी तुटली नाही. फोरमनसाहेबांनी घासाघीस करून स्टिकर कागदाचं एक बंडल फुकट मिळवलं आणि नवरदेवाच्या थाटात रिक्षातून घरी आले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मधवाले यायचे होते. बरण्यांवरची लेबलं पसंत पडली तर वर्षभराचं काम सूनबाईला मिळणार होतं. त्या भरवशावर तिनं शाळेतली नोकरी सोडली होती. तिनं सकाळीच दोन्ही यंत्रं टेबलावर मांडली.

पहिला कागद छापून आला. पिवळ्या गोलात ऐटबाज मधमाशी, खाली नाव. फोरमनसाहेबांनी भिंग लावून एकेक माशी तपासली, समाधानानं मान हलवली, खिशातलं पेन काढून खूण केली आणि कागद कटरात सरकवला. कटर कुरकुरला, पुढे-मागे फिरला आणि त्यानं एकूण एक माशी बरोबर मधोमध चिरली. एका लेबलावर डोकं, शेजारच्यावर नांगी.

"टेबल वाकडं आहे," फोरमनसाहेबांनी निदान केलं.

टेबलावर पाण्याची वाटी ठेवून पातळी बघितली. पायाखाली पुठ्ठा घातला. दुसरा कागद तपासला, पास केला, आत घातला. पुन्हा अर्ध्या माश्या! मग खिडकी लावली, पंखा बंद केला. तिसऱ्याचीही तीच गत.

"तू चालू नकोस गं. यंत्र हादरतं."

"मी चालले की हादरतं?" बायको म्हणाली. "मग इतकी वर्षं ह्या घराच्या भिंती कशा टिकल्या?"

शेवटी फोरमनसाहेबांनी दुकानदाराला फोन लावून असं काही सुनावलं की तो बिचारा जेवण टाकून आला. त्यानं कागद छापला, छापल्याबरोबर कटरात घातला. बारा माश्या, बाराही धडधाकट.

"काका, यंत्र ठणठणीत आहे," असं म्हणून तो पाणी पिऊन जिना उतरला. फोरमनसाहेबांनी पुढचा कागद नीट तपासून आत घातला. अर्ध्या माश्या! खिडकीतून हाका मारून त्याला परत बोलावलं. त्यानं कापला, ठीक. ह्यांनी कापला, चिरफाड.

"दावणीच्या गाईसारखं आहे हे," घाम पुसत फोरमनसाहेब म्हणाले. "मालकाशिवाय दुसऱ्याला दूध देत नाही."

सव्वातीन झाले होते. सूनबाईचे डोळे भरले होते. तेवढ्यात बायको फडताळात अंथरायला चांगल्या कागदांतून वाया गेलेले निवडू लागली.

"अहो, ह्या दुकानदारानं कापलेल्या कागदांवर तुमची खूण नाही."

"कशी असेल? तो माझ्या हाताखालचा थोडाच आहे?"

सूनबाईनं वही उघडली. मग कागद बघितला, मग सासऱ्यांच्या खिशातलं पेन. दुकानदारानं कपाळावर हात मारला. यंत्राचा डोळा कोपऱ्यातली खूण शोधायचा आणि त्याला आधी दिसायची ती फोरमनसाहेबांची!

कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं. फोरमनसाहेबांनी पुढचा कागद तपासला, हात खिशापर्यंत नेला आणि तिथूनच परत आणला. इतक्या वर्षांत असा उघडाबोडका कागद त्यांनी पहिल्यांदाच सोडला. माश्या अख्ख्या निघाल्या.

मधवाल्यांना लेबलं पसंत पडली. फक्त जाता जाता त्यांनी विचारलं, "प्रत्येक कागद कोणी तरी तपासतं ना?"

"आमच्याकडे फोरमनसाहेब आहेत," सूनबाई म्हणाली.

त्या एका वाक्यावर फोरमनसाहेब आठवडाभर ताठ चालत होते. सूनबाईनं तर पुढचं पाऊल टाकलं. पेन वापरायला नको म्हणून त्यांच्यासाठी खास छोटे गोल स्टिकर छापले. मध्ये बरोबरची खूण, खाली 'तपासले'. खोक्यावर चिकटवायचे. एका कागदावर चाळीस.

फोरमनसाहेब हरखून गेले. त्यांनी स्वतः भिंग लावून चाळीसही तपासले, "एक दोष नाही" म्हणाले आणि स्वतःच्या हातानं कागद कटरात सरकवला.

यंत्र थांबलं. सूनबाईनं कागद उचलला. चाळीस अर्धे 'तपा' आणि चाळीस अर्धे 'सले'. तिनं हात पुढे केला.

फोरमनसाहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि ते तिच्या हातावर ठेवलं.