पाळण्यातली टाकी

मोटारसायकलच्या टाकीचं झाकण उघडून आत बॅटरी मारायची काहीएक गरज नव्हती. पण सासरे चार वाजता यायचे होते, तेव्हा एकदा बघून घ्यावं, असं अंगदला वाटलं. त्यानं बघितलं. आत गंज होता. थोडाथोडका नाही, चांगला पापुद्रे सुटलेला, बोट लावलं की बोट लाल करणारा गंज.

ही मोटारसायकल कारभारीमामांची, म्हणजे अंगदच्या सासऱ्यांची. चाळीस वर्षांपूर्वी लग्न लागल्यावर त्यांनी उषामामींना हिच्यावरच बसवून टेंभुर्णीला आणलं होतं. सख्ख्या भावालाही त्यांनी कधी हँडल धरू दिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मात्र ती त्यांनी जुन्या जालन्यात जावयाच्या अंगणात आणून लावली आणि एकच गोष्ट बजावली, "जावईबापू, टाकी भरेल ठेवा. रिकामी टाकी आतून सडती."

अंगदनं पहिल्याच महिन्यात तिच्यातलं पेट्रोल नळीनं ओढून स्वतःच्या स्कूटरमध्ये घातलं. (बदनापूरच्या ऑफिसला उशीर होत होता. परत भरणारच होता. दोन वर्षं भरणारच होता.) आणि दर रविवारी फोनवर मात्र छाती फुगवून सांगायचा, "रोज चालू करून राह्यलो मामा, एका किकमध्ये!"

आज मामा-मामींच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. गुडघा बरा झाला होता. मामा एसटीनं येणार, मामींना मागं बसवणार आणि त्याच गाडीवर टेंभुर्णीला परत जाणार, असा बेत होता. ते फोनवर खुशीत आले की अंगदला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं होई. माणसानं आपल्यावर एवढा विश्वास टाकावा आणि आपण त्याचं पेट्रोल चोरावं!

टाकी पोत्यात घालून तो गयासोद्दीन मिस्त्रीकडं पळाला. मिस्त्रीनं आत बघितलं आणि जिभेनं च्यक केलं.

"तीन दिवस लागतील साहेब."

"तीन घंटे हायेत माझ्याकडं!"

"मंग घरीच करा. मूठभर नट-बोल्ट टाका, काहीतरी आंबट टाका अन् हलवत बसा. बराबर तीन घंटे. मधी थांबायचं बिलकुल न्हाई."

पितळेची भांडी चिंचेनं निघतात हे अंगदला ठाऊक होतं. त्यानं बायकोची, शीतलची, वर्षभराची चिंच कोळली आणि टाकीत ओतली. खालच्या भोकाला चिंधीचा बोळा ठोकला, नट-बोल्ट सोडले आणि टाकी छातीशी धरून हलवायला लागला. दहा मिनिटांत त्याचे खांदे भरून आले. पंधराव्या मिनिटाला त्याला ओसरीतला पाळणा दिसला. लेकीचा. लेक आता सातवीत होती, पाळण्यात सध्या कांदे होते. ते त्यानं फरशीवर ओतले.

"रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात," शीतल म्हणाली.

"रिकामा कुठाय? टाकी हाय ना त्याच्यात."

"त्याच्यापेक्षा बाबांना खरं सांगून टाका. खाऊन थोडेच टाकणार हायेत?"

"तुला न्हाई खाणार!"

शीतल कपाळावर हात मारून हार आणायला बाजारात गेली. अंगदनं टाकी गोधडीत गुंडाळून पाळण्यात ठेवली, दोरी हातात घेतली आणि खुर्ची ओढून बसला. झोका गेला की खळ्ळ, आला की खळ्ळ. काम झकास चाललं होतं. आपल्या डोक्याचं त्याला फार कौतुक वाटलं. (हे कौतुक त्याला नेहमी संकटाच्या अर्धा तास आधी वाटतं.)

एवढ्यात भिंतीवरून शेजारच्या द्वारकाबाईंचं डोकं वर आलं.

"अगंबाई! लेकरू कुणाचं?"

खरं सांगावं तर ही बाई संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला सांगणार आणि मामांना फाटकातच कळणार. अंगद म्हणाला, "मावसभावाचं."

"अन् खळखळ कशाची येऊन राह्यली?"

"खुळखुळा हाय हातात."

"आंबूस वास मारून राह्यला की हो!"

"पोट बिघडलंय त्याचं, काकू."

"अन् माय कुठं गेली?"

"औषध आणायला."

"नाव काय ठेवलं?"

"ठेवायचंय अजून," अंगद म्हणाला आणि घाम पुसला. द्वारकाबाईंचं डोकं खाली गेलं, पण समाधानानं गेलं नाही, हे त्याला कळलं होतं.

सव्वादोनला फाटक वाजलं. मामा-मामी! एसटीची वाट न बघता जीप मिळाली म्हणून पावणेदोन तास आधीच! अजून दोन तासांचं हलवणं बाकी होतं. पण थांबायचं बिलकुल नव्हतं, म्हणून अंगद हलवतच राहिला. मामी हिरव्या पैठणीत होत्या, बोहल्यावर चढलेल्या नवरीसारख्या. त्या ओसरीकडं निघणार तेवढ्यात द्वारकाबाईंनी त्यांना फाटकातच गाठलं.

"जावयाच्या मावसभावाचं लेकरू आलंय ना, पाळण्यात हाय. पोट बिघडलंय बिचाऱ्याचं."

उषामामी जागच्या जागी थांबल्या. "आवं," त्या मामांना म्हणाल्या, "रिकाम्या हातानं तान्हं लेकरू बघतेत का कुठं? जा, कोपऱ्यावरून झबलं-टोपडं आणा."

मामा आल्या पावली कापडाच्या दुकानाकडं वळले. मामी फाटकाशीच उभ्या राहून पाळण्याकडं मायेनं बघत राहिल्या. टाकी उचलून पळावं तर मामी बघतायत, न पळावं तर मामा येतायत. अंगदचे हात त्याला न विचारता जोरात चालायला लागले.

"हळू हो जावईबापू!" मामी ओरडल्या. "लेकराला उलटी व्हईल!"

मामा आले. हातात गुलाबी टोपडं होतं. मामी लगबगीनं ओसरीवर चढल्या.

"झोपलंय, मामी! उठवू नका!"

"उठवत न्हाई. नुसतं घेते." आणि मामींनी दोन्ही हातांनी गोधडी उचलली. "आगं माय, चांगलं वजनदार हाय की!" त्यांनी ते छातीशी धरलं, थोपटलं आणि थबकल्या. "अन् अंग असं कडक कशानं झालं ह्याचं? गार बी पडलंय!"

अंगदनं डोळे मिटून घेतले.

"जावईबापू, हे ओलं झालंय."

चिंधीचा बोळा सुटला होता. लालसर तपकिरी पाणी पैठणीच्या काठावरून, पदरावरून, मोरांच्या माना भिजवत खाली ओघळलं. त्यामागून एक नट टणकन फरशीवर पडला आणि घरंगळत मामांच्या पायाशी थांबला. मामांनी तो उचलला. मग त्यांनी गोधडीचं टोक बाजूला केलं.

"माझी टाकी," मामा म्हणाले.

शीतल हार घेऊन दारात उभी होती, ती आत येईना. द्वारकाबाई भिंतीवर कमरेपर्यंत आल्या होत्या. अंगदला आता धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. तो बोलायला लागला आणि एकदम सगळंच बोलला: पेट्रोल, नळी, स्कूटर, दोन वर्षांचे रविवार, एक किक. "चुकलं मामा. तुमच्या भरवशाला लायक न्हाई मी," तो म्हणाला.

मामांनी मामींच्या हातातून टाकी घेतली. ती उन्हात धरली, एक डोळा मिटून बराच वेळ आत बघितलं.

"निम्मी निघाली," शेवटी मामा म्हणाले. "चिंच कमी पडली."

"अन् माझ्या पैठणीवर पडली ती?" मामी म्हणाल्या.

"ती तर मोप पडली. गाडी आज न्हाई जात, उद्या सकाळी जाऊ. शीतल, च्या टाक."

अंगदला हायसं वाटलं. त्याच्या डोळ्यात पाणीच आलं. त्यानं वाकून मामांच्या पाया पडायला डोकं खाली घातलं.

मामांनी खिशातलं गुलाबी टोपडं काढून, खाली आलेल्या त्या डोक्यावर घातलं, हनुवटीखाली नाडी बांधली आणि भिंतीकडं वळून म्हणाले, "द्वारकाबाई, तुमची खबर एकदम बराबर हाय. घरात लेकरू हायेच."