पोलादी गलबताच्या तळाची फत्ते

दुबई शहरी, रविवारची रजा पाहोन, मुहैस्नाह येथील मजूर-छावणीचे रहिवासी, वेल्डिंग-हुनराचे सरदार राजश्री भिकाजीराव यांणी आपले कुटुंब सौभाग्यवती कावेरीबाई यांसमवेत देऱ्याच्या खाडीकडे जी स्वारी केली, तिची हकीकत लिहिली जाते.

कारण ऐसे जे, बाईंचे बंधूंनी गावभर उठविले होते की, आमचे दाजी आखातात अकरा वर्षे नुसते पाइप उचलतात, हुनर-बिनर कांही नाही. आणि बाई व्हिजिट-व्हिसावर इंटरनॅशनल सिटीत नणंदेकडे उतरल्या होत्या, आणि उद्याचे विमान होते. सबब आजच पुरावा दाखविणे प्राप्त जाले. न दाखवावा तर इज्जत बुडाली.

पुरावा म्हणजे खाडीकाठच्या चौकातले, रावांनी सांधे जोडिलेले पोलादी गलबत. या प्रांती पूर्वी लाकडी गलबते बांधण्याचे कारखाने बहुत नामांकित होते, त्यांचे स्मरणार्थ ते उभे केले. मग दोन बसा बदलोन फौज चौकात दाखल जाली, आणि पितळी पाटी पाहतात तो देणगीदार, शिल्पकार, सल्लागार, सल्लागारांचे सल्लागार दरोबस्त नामजाद. ज्यांणी जोडले त्यांस ‘कुशल हात’ इतकीच जहागीर बहाल. हातांसही नावे असतात, हे थोरांचे ध्यानी कोठून यावे!

रावांनी मोठ्या डौलाने डोलकाठीकडे बोट केले, की हे आमचे काम. वेल्डरांचा दस्तूर ऐसा, की आपल्या सांध्यापाशी आपला नंबर ठोकावा, रावांचा सत्तेचाळीस. परंतु काठीवर नंबर नाही. राव घामाघूम जाले. कंपनीच्या यार्डात गलबताचा एक तुकडाच आडवा पडला होता, आणि तीन महिने राव त्यास चिकटोन सांधे जोडीत होते. अखंड गलबत त्यांणी आजच पाहिले. मग वाकोन पाहतात तो उमगले, की आपण जोडिली ती काठी नव्हे, गलबताचा तळ!

आता नंबर दिसावा तर मनाई असलेल्या हिरवळीवर उताणे पडणे आले. राव कचरले. बाई कचरल्या नाहीत. नवी साडी, चष्मा सावरोन थेट गलबताखाली गेल्या.

तोच पहारेकरी नोमानखान धावोन आले. “बहनजी, घास पे मना है, यल्ला, बाहर!”

रावांनी हात जोडिले. “हबीबी, दो मिनट. ये मैंने बनाया है.”

खानांनी रावांच्या भाजलेल्या बोटांकडे पाहिले, आणि पाठ फिरवोन उभे राहिले. दोन मिनिटांचा तह जाला.

बाई गावी ब्लाउज शिवतात. परक्याची शिवण त्यांस पसंत पडल्याचा दाखला दफ्तरी नाही. त्यांणी सांध्यावरोन बोट शेवटपावेतो फिरविले, नंबर वाचिला, आणि तळाखालोन निवाडा जाहीर केला : “टाका एकसारखा हाय हो. एक बी सुटला नाय.”

राव भरचौकात रडले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाली. आपले पक्षी जखमी कोणी नाही. एक नवी साडी गवताने हिरवी जाली. तीबद्दल बाई परतीच्या दोन्ही बसांत अवाक्षर बोलिल्या नाहीत, हे विशेष जाणोन कलमबंद केले असे.